चावा की चुंबन? व्हॅम्पायर प्रेमकथांची मुखपृष्ठं आणि वाचकांचे वाद

काळीभोर पार्श्वभूमी, अंधारातून पुढे आलेले दोन फिकट हात आणि त्यांच्या ओंजळीत लालबुंद सफरचंद. स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' ही कादंबरी ज्यांनी वाचलेली नाही, त्यांनीही हे चित्र कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. २००५ साली अमेरिकेत निघालेली ही कादंबरी म्हणजे सतरा वर्षांची बेला आणि १९१८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी व्हॅम्पायर झालेला एडवर्ड यांची प्रेमकथा. पण मुखपृष्ठावर बेलाही नाही आणि एडवर्डही नाही. सुळे नाहीत, वटवाघूळ नाही, पडका किल्ला नाही, रक्ताचा थेंबही नाही. रक्त पिणाऱ्याच्या प्रेमकथेवर एक फळ का असावं? या कोड्याला जोडूनच दुसरं कोडं येतं. या मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, ती पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या मुली जगभर आहेत, आणि तिचं नाव काढताच नाक मुरडणारे वाचकही तितक्याच ठिकाणी भेटतात. एकाच पुस्तकाबद्दल मतं इतकी टोकाची का होतात? माझ्या मते या दोन कोड्यांचं उत्तर एकच आहे, आणि ते मुखपृष्ठाच्या कामात दडलेलं आहे.

एकच पवित्रा, दोन अर्थ

व्हॅम्पायरचं सर्वांत ओळखीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एक व्यक्ती मागे झुकली आहे, मान एका बाजूला कललेली, गळा उघडा. दुसरी तिच्यावर वाकली आहे आणि तिचं तोंड त्या गळ्यापाशी आहे. 'व्हार्नी द व्हॅम्पायर' ही कथा १८४५ ते १८४७ या काळात इंग्लंडमध्ये एक पेनी किमतीच्या अंकांमधून क्रमशः छापली गेली. तेव्हापासून हा पवित्रा छापील चित्रांमध्ये रुळला. आता अमेरिकन प्रणयकथांच्या पॉकेटबुकांवरचं नेहमीचं चित्र आठवा: मागे झुकलेली नायिका, कललेली मान, तिच्या गळ्याशी ओठ नेणारा रुंद खांद्यांचा नायक. तिकडच्या प्रकाशन व्यवसायात या मिठीच्या चित्राला 'क्लिंच' म्हणतात. दोन्ही चित्रांतल्या रेषा एकमेकींवर ठेवल्या तर जवळजवळ जुळतात. भयकथेतला चावा आणि प्रेमकथेतलं चुंबन यांची मांडणी एकच आहे. फरक आहे तो बघणाऱ्याला आधी काय सांगितलं आहे, यात.

याचा उत्तम पुरावा पुस्तकांच्या बाहेर, चित्रकलेत सापडतो. नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांनी १८९३ ते १८९५ या काळात एक चित्र अनेकदा रंगवलं. त्यात लाल केसांची स्त्री एका पुरुषाच्या मानेवर झुकली आहे आणि तिचे मोकळे केस त्याच्या डोक्यावरून ओघळले आहेत. मुंक यांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'प्रेम आणि वेदना'. त्यांचे मित्र, पोलिश लेखक स्तानिस्लाव प्शिबिशेव्स्की यांना त्या स्त्रीत व्हॅम्पायर दिसली, आणि आज जग ते चित्र 'व्हॅम्पायर' याच नावाने ओळखतं. एक बाई एका माणसाच्या मानेचं चुंबन घेते आहे, इतकंच ते चित्र आहे, असं खुद्द मुंक यांचं म्हणणं होतं. ब्रशचा एकही फटकारा न बदलता केवळ नावामुळे सांत्वन करणारी स्त्री शिकारी झाली.

मुखपृष्ठ हेच काम करतं. पूर्वी घरी टपाल आलं की मजकूर वाचण्याआधीच त्याचा रोख कळायचा. कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असेल तर ते लग्नामुंजीचं, आणि माथ्यावर 'श्री' नसेल तर वाईट बातमीच्या धास्तीने वाचणाऱ्याचा हात थबकायचा. पहिली ओळ वाचण्याआधीच मन कोणत्या तयारीने बसवायचं, हे त्या खुणा ठरवत. पुस्तकाच्या रंगातून, अक्षरांच्या वळणातून आणि चित्रातून वाचकाला हीच सूचना मिळते. पुढे येणारा प्रसंग भिऊन वाचायचा की हुरळून, हे त्याने आधीच मनाशी ठरवलेलं असतं. बहुतेक पुस्तकांत ही सूचना थोडी चुकली तरी भागतं. व्हॅम्पायर प्रेमकथेत मात्र मूळ प्रसंगच दुहेरी असल्याने सगळी भिस्त त्या सूचनेवर येते. ती सूचना म्हणजे वाचकाला दिलेलं वचनच, आणि ते मोडलं असं वाटलं की वाचक चिडतो.

काउंट भिंतीवरून उतरला तेव्हा

ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' १८९७ साली लंडनमध्ये निघाली तेव्हा तिला पिवळी कापडी बांधणी होती आणि तिच्यावर लाल अक्षरं होती. चित्र नव्हतंच. १९०१ साली प्रकाशकांनी तिची स्वस्त, संक्षिप्त कागदी आवृत्ती काढली आणि तिच्या मुखपृष्ठावर काउंट ड्रॅक्युला पहिल्यांदा चितारला गेला. डोकं खाली आणि पाय वर करून तो किल्ल्याच्या उभ्या भिंतीवरून पालीसारखा उतरतो आहे, झगा पंखांसारखा पसरला आहे आणि खिडकीतून त्याचा पाहुणा जोनाथन हार्कर ते बघतो आहे. चित्रकारासमोर प्रसंगांची कमतरता नव्हती. काउंटची शिकार झालेल्या लूसीची खोली होती, मीनाची खोली होती, गळा होता. तरीही त्याने माणसाचं जनावर होतानाचा क्षण निवडला. त्या काळच्या वाचकाला त्यात प्रेमकथेचा वाससुद्धा येण्याची शक्यता नव्हती.

पुढची वाट सर्वांना ठाऊक आहे. अ‍ॅन राइस यांच्या १९७६ च्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये व्हॅम्पायर स्वतःची गोष्ट स्वतः सांगू लागला. त्याला दुःख होतं, पश्चात्ताप होता, एकटेपण होतं. एकदा तो बोलू लागला की त्याच्यावर प्रेम करणं शक्य झालं, आणि १९९० च्या दशकात अमेरिकी प्रकाशनांत व्हॅम्पायर नायक स्थिरावला. मग प्रश्न आला की त्याला मुखपृष्ठावर आणायचा कसा. एक मार्ग क्लिंचचा होता. जे. आर. वॉर्ड यांची 'डार्क लव्हर' 'ट्वायलाइट'च्याच वर्षी आली. तिच्यासारख्या प्रौढांसाठीच्या मालिकांनी मंद उजेडात बिलगलेली शरीरं दाखवली आणि वाचकाला सरळ सांगितलं की आत शृंगार आहे. दुसरा मार्ग शार्लेन हॅरिस यांच्या 'डेड अंटिल डार्क'ने २००१ साली घेतला. लिसा देसिमिनी यांनी त्या मालिकेसाठी लोककलेच्या वळणाची, ठसठशीत रंगांची, काहीशी बाळबोध चित्रं काढली. त्यातून इथे थोडी गंमतही आहे, असा निरोप मिळत होता. तिसरा मार्ग म्हणजे माणसंच काढून टाकून एक वस्तू ठेवायची. सफरचंद आलं ते या मार्गाने.

चित्र निवडतं कोण?

मुखपृष्ठ लेखकाच्या मनातून उतरलेलं असतं, असं वाचकांना वाटतं. व्यावसायिक प्रकाशनात ते क्वचितच घडतं. प्रकाशनसंस्थेचा कलाविभाग पर्याय तयार करतो, विक्रीविभाग त्यांवर मत देतो आणि पुस्तकांच्या मोठ्या साखळी-दुकानांचे खरेदीदार नापसंती दर्शवू शकतात. लेखकाला दाखवलं जातं, पण त्याच्या शब्दाला वजन मिळेलच असं नाही. क्लिंच चित्रांबद्दल तर अमेरिकेत एक खुलासा वारंवार दिला जातो. पॉकेटबुकं तेव्हा औषधांच्या दुकानांत आणि सुपरमार्केटात विकली जात. रॅकवर कोणतं पुस्तक ठेवायचं, हे घाऊक वितरक ठरवत आणि ते बहुतेक पुरुष असत. म्हणून चित्र आधी त्यांच्या डोळ्यांत भरेल असं काढलं जाई. हा खुलासा धरून चालायचं तर ज्या बायकांसाठी पुस्तक लिहिलं गेलं, त्यांच्या आवडीचा विचार मुखपृष्ठ ठरवताना मागे राहिला होता. अनेक वाचक बायका त्या काळी पुस्तकावर वर्तमानपत्राचं वेष्टन चढवून लोकलमध्ये किंवा बसमध्ये वाचत, हे ध्यानात घेतलं तर ती चित्रं कुणाची होती हा प्रश्न अगदी रास्त ठरतो. प्रकाशकांनीही पुढे त्यावर तोड काढली. बाहेर फक्त फूल किंवा नाव असलेलं साधं आवरण, आणि ते उलटलं की आतल्या पानावर मिठीचं चित्र.

'ट्वायलाइट' मालिकेच्या दुसऱ्या भागाचं, 'न्यू मून'चं मुखपृष्ठ याबाबत फार बोलकं आहे. त्यावर लाल छटा उमटलेलं, चुणीदार पाकळ्यांचं पांढरं ट्यूलिप आहे आणि एक पाकळी गळून पडते आहे. मायर यांनी आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलं आहे की या फुलाच्या निवडीत त्यांचा सहभाग नव्हता, त्यामुळे त्याचा अर्थ त्या सांगू शकत नाहीत. पण वाचक थांबले नाहीत. गळणारी पाकळी म्हणजे एडवर्ड सोडून गेल्यावर खचलेली बेला, लाल छटा म्हणजे तिच्या वाढदिवशी कागदाने कापलेल्या बोटातलं रक्त, असे अर्थ त्यांनी कादंबरीतूनच शोधून काढले. मला हे वाचन भाबडं वाटत नाही. पहिल्या भागाच्या सफरचंदाने त्यांना शिकवलेलं होतं की इथे वस्तूंना अर्थ असतो. तो त्यांनी दुसऱ्या भागात स्वतः भरला. मुखपृष्ठ सुरुवात करतं आणि उरलेलं काम वाचक करतो, हे इथे उघड दिसतं.

सफरचंदाने काय साधलं?

मायर यांनी सफरचंदाचा अर्थ सांगितलेला आहे. कादंबरीच्या आरंभी बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं, ज्ञानवृक्षाचं फळ खाऊ नये असं बजावणारं वचन आहे. म्हणून हे निषिद्ध फळ. पण हातात धरलेलं फळ अजून खाल्लेलं नाही, म्हणून त्यात निवडही आहे. एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती. पण वाचकावर होणारा परिणाम समजून घ्यायचा तर चित्रात काय वगळलं आहे, हेही बघायला हवं. गळा वगळला आहे. म्हणजे तो दुहेरी पवित्राच मुखपृष्ठावरून उठवून लावला आहे. भय की प्रेम, हा प्रश्न आत गेल्यावर सुटेल. बाहेर फक्त मोह आहे. रंग तीनच आहेत, काळा, पांढरा आणि लाल, म्हणजे स्नो व्हाइटच्या गोष्टीतले. तिथेही सफरचंद आहे आणि मृत्यूसारखी झोपही. लहानपणी ती गोष्ट ऐकलेल्या मुलीला या पुस्तकाकडे वळायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरा लाभ व्यवहारातला. हे पुस्तक किशोरवयीन मुलींसाठी होतं. मिठीचं चित्र असतं तर ते शाळेच्या ग्रंथालयात पोचलं नसतं आणि आईने हातातून काढून घेतलं असतं. सुळ्यांचं चित्र असतं तर भयकथा न वाचणाऱ्या मुलींनी ते उचललंच नसतं. सफरचंदाच्या आड ते चारचौघांत वाचता आलं, आणि पुढे त्याच मुलींच्या आयांनीही वाचलं. २००८ च्या चित्रपटात एडवर्ड शाळेच्या खानावळीत पडणारं सफरचंद पायाने उडवून दोन्ही हातांच्या ओंजळीत झेलतो. कथेवरून काढलेल्या चित्रावरून पुन्हा कथेत प्रसंग घातला गेला, इतकी त्या मुखपृष्ठाची पकड होती. उलट चित्रपटातल्या नटांचे चेहरे लावून ज्या आवृत्त्या निघाल्या, त्यांच्याबद्दल बऱ्याच वाचकांची नाराजी असते, आणि तिच्यात तथ्य आहे. हातांना चेहरा नसतो, म्हणून ते वाचणारीचेही असू शकतात. नटाचा चेहरा एकदा छापला की ती जागा भरते.

काळ्या पुस्तकांची साथ

यशस्वी मुखपृष्ठाची नक्कल होतेच. त्यामागे केवळ आळस नसतो. नक्कल करणारा प्रकाशक वाचकाला सांगत असतो की तुला ते आवडलं ना, मग हेही त्याच जातीचं आहे. एल. जे. स्मिथ यांची 'द व्हॅम्पायर डायरीज' मूळची १९९१ ची. 'ट्वायलाइट'नंतर तिला नवं रूप देऊन पुन्हा बाजारात आणलं गेलं. ई. एल. जेम्स यांची 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' जन्मली ती 'ट्वायलाइट'च्या चाहत्यांसाठी लिहिलेल्या लेखनातून. तिच्या मुखपृष्ठावर एक करडा टाय आला. तिथेही माणूस नाही आणि मिठी नाही. प्रौढ शृंगाराचं ते पुस्तक बायका रेल्वेत उघड वाचू शकल्या त्याला हा टाय बऱ्याच अंशी कारण आहे, असं मला वाटतं.

सर्वांत शिकवून जाणारं उदाहरण मात्र एमिली ब्राँटी यांच्या 'वुदरिंग हाइट्स'चं आहे. ही १८४७ ची कादंबरी बेलाच्या आवडीची, असा उल्लेख मायर यांच्या मालिकेत येतो. हार्परकॉलिन्सने २००९ मध्ये तिची नवी आवृत्ती काढली. काळी पार्श्वभूमी, एक फूल, 'ट्वायलाइट'ची आठवण करून देणारी अक्षरं, आणि हे बेला व एडवर्डचं आवडतं पुस्तक असल्याची जाहिरात. ब्रिटनमध्ये विक्री झपाट्याने वाढली. हा अभिजात साहित्याचा अपमान आहे, अशी ओरड झाली. काही मुलींची निराशाही झाली, कारण आत त्यांना प्रेमळ एडवर्डऐवजी सूडाने पेटलेला, बायकामुलांना छळणारा हीथक्लिफ भेटला. पण हे मुखपृष्ठ अगदीच खोटं होतं का? कादंबरीच्या शेवटाकडे हीथक्लिफ खाणंपिणं सोडून रात्री भटकू लागतो, तेव्हा हा व्हॅम्पायर तर नाही ना, असा विचार खुद्द कथा सांगणाऱ्या नेली डीनच्या मनाला चाटून जातो. काळ्या मुखपृष्ठाने एक खरी वाट दाखवली. फक्त ती वाट सुखान्ताकडे जाते असं सुचवलं, आणि निराशा झाली ती तिथे. वचन अर्धं खरं असलं की वाचकाचा राग लेखकावर निघतो, मुखपृष्ठावर निघत नाही.

*चौकट: व्हॅम्पायर कथेचं मुखपृष्ठ कसं वाचावं*
*चित्रात शरीर आहे की वस्तू, हे आधी बघावं. बिलगलेली शरीरं असतील तर बहुधा प्रौढ शृंगार, एकटी वस्तू असेल तर सूचकतेवर भर. गळ्याशी झुकलेल्याचे डोळे कुठे आहेत तेही बघावं. ते आपल्याकडे रोखलेले असतील तर भयाकडे कल असतो, मिटलेले असतील तर प्रेमाकडे. चेहरा अर्धा कापलेला दिसला तर ती जागा वाचकासाठी मोकळी ठेवलेली आहे. मलपृष्ठावरचा मजकूर कुणाच्या नजरेतून लिहिला आहे, यावर शेवटी नजर टाकावी. बळीच्या की प्रियकराच्या?*

पण राग तर मजकुरावर आहे

इथे एक भक्कम आक्षेप येतो. 'ट्वायलाइट'वर टीका करणारे मुखपृष्ठाविषयी बोलतच नाहीत. ते म्हणतात, एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो, तिने कुठे जावं आणि कुणाला भेटावं हे ठरवू पाहतो, आणि हे सगळं प्रेम म्हणून मुलींपुढे ठेवलं जातं. दुसरी तक्रार भयकथेच्या चाहत्यांची: या व्हॅम्पायरांना सुळे नाहीत, ते जनावरांच्या रक्तावर जगतात आणि उन्हात जळण्याऐवजी चमकतात. २००९ मध्ये स्टीफन किंग यांनी मायर यांच्या लेखनाला फारच कमी लेखलं होतं. पण प्रेम आणि शारीर ओढ यांचं एक सुरक्षित रूप त्या मुलींसाठी उघडून देतात, हेही त्यांनी त्याच वेळी मान्य केलं होतं. किंग स्वतः १९७५ च्या 'सालेम्स लॉट'चे लेखक. नारायण धारप यांची 'लुचाई' जिच्यावर बेतली आहे ती हीच. 'लुचाई' वाचून वाढलेला मराठी वाचक 'ट्वायलाइट' हातात घेतो तेव्हा त्याचाही घोटाळा तोच होतो. तो भयाच्या तयारीने बसलेला असतो.

आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. रात्री न विचारता खोलीत शिरणं हे वचनभंगाच्या सिद्धान्ताने धुऊन निघत नाही. पण एक गोष्ट नीट बघा. ड्रॅक्युलाही लूसीच्या खोलीत शिरतो. त्यावर कुणी असं म्हणत नाही की स्टोकर यांनी मुलींना चुकीचा धडा दिला. कारण तिथे मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत आपल्याला सांगितलेलं असतं की हे भयंकर आहे. तीच कृती प्रेमकथेच्या वेष्टनात आली की ती आदर्श म्हणून वाचली जाते. म्हणजे टीकाकारांचा राग कृतीवर आहे तितकाच ती कोणत्या खुणेखाली आली, यावरही आहे. मुखपृष्ठाचं काम नैतिक स्वरूपाचं आहे ते यामुळे. मायर यांनी २०१५ मध्ये, दहाव्या वर्षानिमित्त, 'लाइफ अँड डेथ' लिहिली. बेलाचा ब्यू झाला आणि एडवर्डची एडिथ. बेला ही केवळ संकटात सापडून वाचवली जाणारी मुलगी आहे, या टीकेला ते उत्तर होतं. आता तीच पाळत एक मुलगी एका मुलावर ठेवते. ती वाचताना अस्वस्थता कमी झाली की तशीच राहिली, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावं. मला वाटतं ती कमी होते, आणि ती का कमी होते हा प्रश्न मूळ कादंबरीवरच्या कित्येक टीकालेखांपेक्षा मोलाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की वाचकांना इतकं भोळं समजू नये. चित्राने कुणी फसत नाही. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या आपल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रणयकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून दाखवलं की या वाचकांना काय हवं आणि काय नको, हे नेमकं ठाऊक असतं. सुखान्त हवा, नायिकेवर जबरदस्ती नको. हे मी पूर्णपणे मानतो, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळतं. ज्या वाचकाला आपल्या अपेक्षा इतक्या स्पष्ट कळतात, तोच खुणांवर सर्वांत जास्त विसंबतो, आणि खूण चुकली तर सर्वांत आधी बोलतो.

आता बाहुलीसारखी चित्रं

गेल्या काही वर्षांत वाद पुन्हा नव्या रूपात उभा राहिला आहे. फोनच्या पडद्यावर मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं. त्यामुळे ठळक, सपाट रंगांची, कार्टूनसारखी चित्रं प्रणयकथांवर आली, आणि व्हॅम्पायर, जादूगारिणी, लांडगामानव यांच्या कथांवरही आली. देसिमिनी यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी जे केलं त्याचीच ही चकचकीत पुढची पिढी म्हणता येईल. पण हॅरिस यांच्या पुस्तकांचे वाचक प्रौढ होते आणि ती पुस्तकं प्रौढांच्या रॅकवर होती. आजची गोंडस मुखपृष्ठं मोकळ्या शृंगाराच्या कथांवरही असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने ती उचलली तर दोष तिचा नाही, अशी पालकांची आणि ग्रंथपालांची तक्रार आहे. लेखिकांचं म्हणणं वेगळं. मिठीच्या चित्रांमुळे आमच्या पुस्तकांना हसलं गेलं, आता कुठे ती उघडपणे हातात घेतली जातात, ती सोय काढून घेऊ नका.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं, पण भार कुणी उचलायचा ते स्पष्ट आहे. चारचौघांत वाचण्याची मोकळीक मोठ्या बाईला हवीच, आणि ती देणारं चित्र वाईट नाही. मात्र मुखपृष्ठाने जे सांगायचं सोडलं, ते प्रकाशकाने मलपृष्ठावर सांगायला हवं. पुस्तक कोणत्या वयासाठी आहे, आत हिंसा किती आणि शृंगार किती. अनेक लेखिका आता पहिल्या पानावर अशी टीप स्वतःहून छापतात, आणि वाचक ती वाचून मगच पुस्तक घेतात किंवा परत ठेवतात. टीप मात्र बाहेर हवी. आतल्या पानावरची टीप वाचायला पुस्तक आधी उघडावं लागतं, आणि तोवर चित्राने आपलं काम केलेलं असतं.